'वहिवाटदार' म्हणजे मालक, विश्वस्त की आणखी कोणी?

उंबरठा:
रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या घराण्याचं रामाचं देऊळ आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार 'श्रीराम देव' आणि खाली 'वहिवाटदार' म्हणून पणजोबांचं नाव. देवळाच्या आंब्याच्या कलमांच्या उत्पन्नावरून सध्या काकामंडळींत जुंपली आहे. न्यू जर्सीच्या चुलतभावाला सगळे कागद इंग्रजीत हवेत. मी 'ट्रस्टी' लिहिलं, तर थोरले काका उखडले: "ट्रस्टी कसले? वहिवाट आपली म्हणजे जमीन आपली." धाकटे काका म्हणतात, 'मॅनेजर' लिही. जाणकारांनी सांगावं.

सातबारावाला:
थोरल्या काकांना आधी शांत करा. देव कायद्याने व्यक्ती आहे आणि जमीन त्याची. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने पुजाऱ्याचं नाव मालकीच्या रकान्यात लावायला नकार दिला. देवासाठी दिलेलं देवस्थान इनाम, म्हणजे वर्ग 3 असेल, तर प्रश्नच मिटला.
बाकी विश्वस्त की मॅनेजर हे सातबाऱ्यावरून ठरत नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद आहे का ते पाहा. असेल तर धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा काढा. विश्वस्त कोण आणि त्यांच्या मागून कोण, दोन्ही त्यात असतं. पणजोबांनंतर नवी नावं लावायचा बदल अर्ज कोणी केला होता का? बहुतेक घराण्यांत गाडं तिथेच अडलेलं असतं.

बडोदेकर:
माझं मत धाकट्या काकांना. गायकवाडीत, म्हणजे जुन्या बडोदा संस्थानात, वहिवाटदार म्हणजे तालुक्याचा अंमलदार, तुमचा मामलेदार म्हणा. गुजरातीत 'वहीवट' म्हणजे आजही कारभार. आणि व्युत्पत्ती उघड आहे: वही + वाट. वहीत लिहून चालवायचा तो कारभार.

शब्दपाखडू:
वहीचा संबंध कुठून आला? आमच्याकडे 'शेत वाहतो' म्हणतात, कसलेल्या जमिनीला 'वहीत जमीन' म्हणतात. हा तोच 'वाह'. जो जमीन वाहतो त्याची वहिवाट. मालकी कोणाची का असेना, नांगर कोण धरतो एवढंच हा शब्द सांगतो. शिवाय पायाखालच्या रस्त्यालाही वहिवाटीचा रस्ता म्हणतात. त्याची वही कोण लिहितं?

बडोदेकर:
मग मामलेदार काय नांगर धरायचा?

निखळ मराठी:
मुळात हा अर्धा फारसी शब्द जपायचाच कशाला? '-दार' लावला की पाटी कचेरीची झाली. 'न्यासधारी' म्हणा.

सातबारावाला:
न्यासधारी म्हणून तलाठ्यासमोर उभे राहा, तो 'कुठल्या गावचे?' विचारेल. साहेब, 'हक्क', 'वारस', 'हिस्सा', 'तक्सीम' हे सगळे अरबीतून आलेले. काढून टाकले तर सातबाऱ्यावर गट नंबर तेवढा राहील, आणि त्यातला 'नंबर' इंग्रजी!

निखळ मराठी:
टिंगल सोपी असते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या मराठी पाठात 'सहदायाद' हा शब्द आहे. त्याला काही झालं? 'दायाद' म्हणजे दायाचा, वारशाचा वाटेकरी. जुन्या मराठीतला 'दाईज', म्हणजे भाऊबंद, त्यातूनच आला. आपणच तो टाकून दिला.

मांडवीकाठ:
तुम्ही टाकलात, आम्ही नाही. कोंकणीत 'दायज' म्हणजे वारसा, रोजच्या बोलण्यातला शब्द. फक्त तुमच्याकडे दाईज माणूस आणि आमच्याकडे दायज मिळकत, ही गंमत आहे.
मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल तर आमच्या गोव्यातल्या देवळांत वहिवाटदार वगैरे भानगड नाही. 'महाजन' असतात, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत सभासद, सावकार नव्हे. नियमावली पोर्तुगीज काळातली, 1933 ची. भांडणं मात्र तुमच्याइतकीच.

माहेरवाशीण:
इतके काका झाले, एकही आत्या कशी आली नाही?
आमच्या घरी देवीची पूजा पाळीने असते. वडिलांनंतर मी माझी पाळी मागितली. एक चुलतभाऊ जोरात म्हणाला, "मुलींना पाळी नसते." मागच्या सगळ्या बायका हसल्या, तो लाल झाला. शब्द बदलून "पूजेचा हक्क नसतो" म्हणाला, तेव्हा वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा 1955 चा निकाल पुढे केला: पुजाऱ्याचा अधिकार बाईकडेही वारसाने येऊ शकतो आणि प्रत्यक्ष पूजा ती बदली माणसाकडून करवून घेऊ शकते. प्रकरण अजून चालू आहे.
निखळ साहेब, तुमच्या त्या कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून आम्हीही जन्माने 'सहदायाद' आहोत. शब्द मिळाला हो, सही मात्र अजूनही हक्कसोडपत्रावरच मागतात. तीही राखीपौर्णिमेच्या आसपास.

सातबारावाला:
ताई, घोळ नको म्हणून सांगतो. 2005 ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या मिळकतीला लागू. देवाची जमीन कुटुंबाची नव्हेच. पूजेच्या हक्काचं खातं वेगळं.

माहेरवाशीण:
घोळ मी नाही केला. माझ्या भावाने दोन्ही एकाच हक्कसोडीत घातले होते.

शब्दपाखडू:
'हक्कसोड' हा शब्द मात्र भारी आहे. काडीमोड, घरफोड, खातेफोड यांच्या पंगतीतला. अरबी 'हक्क'ला मराठी 'सोड' बिनबोभाट चिकटलं, कोणा समितीला विचारलं नाही.

निखळ मराठी:
'स्वत्वत्याग' अधिक अचूक.

बडोदेकर:
स्वत्वत्याग संन्यासी करतो. बहीण हक्कसोड करते.

घाटमाथा:
मी नवीन आहे. वर वहिवाटीच्या रस्त्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमचा शेताचा रस्ता चुलत्याने बांध घालून बंद केलाय. खरेदीखतात रस्त्याचा उल्लेख नाही, पण आजोबांपासून बैलगाडी तिथूनच जाते. तलाठी म्हणतो 'वहिवाट सिद्ध करा'. ती कशी करायची?

सातबारावाला:
तहसीलदाराकडे जा. मामलेदार न्यायालय कायदा, 1906, कलम 5. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. बांध कधी घातला?

घाटमाथा:
दिवाळीत.

शब्दपाखडू:
कुठल्या दिवाळीत?