मदत हवी आहे: माझ्या एकांकिकेतले आजोबा सही करेनात!

मंडळी, एक विनोदी एकांकिका लिहितेय. नात हिंदू, होणारा जावई ख्रिश्चन, लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली. नोटीस दिली की ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि आक्षेपांसाठी ३० दिवस असतात. नाटकाला आयती मुदत! आजोबा तावातावाने अर्ज घेऊन जातात: 'पत्रिका जुळत नाही.' पण कायद्याला चालणारी कारणं वेगळी; आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी भरणं, निषिद्ध नातं वगैरे. आजोबांचा रुसवा त्यात कुठेच बसत नाही. इथवर झकास जमलंय.

घोडं पुढे अडलंय. सहीला तीन साक्षीदार लागतात. दोन आहेत, तिसरे आजोबाच व्हावेत असं मनात आहे. पण ते एकदम विरघळले तर प्रेक्षक जांभया देतील. मुलाच्या प्रार्थनेवर किंवा आडनावावर हशा मिळवायचा नाही, ते फारच स्वस्त. हशा आजोबांच्या हट्टावर हवा. पेन हातात घेतलंय, तरी हट्ट सुटलेला नाही, असा प्रसंग सुचतोय का कुणाला? मुलाची आजीसुद्धा तितकीच खट आहे (तिलाही हे लग्न नकोच आहे), तिला कार्यालयात आणून बसवू का? रविवारी वाचन आहे, त्याआधी सांगा प्लीज.