नोकरी सांभाळून ऑनलाइन बी.कॉम.: पदवी चालते का?

प्रश्न: भोसरीच्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट आहे, बारावी झाली आहे. ऑनलाइन बी.कॉम. केल्यास पुढे सीए करता येईल का? काय तपासावं?

उत्तर १: मान्यता नुसती विद्यापीठाला नव्हे, त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्राला आहे का, हे यूजीसीच्या डीईबी (दूरशिक्षण विभाग) पोर्टलवर पाहा. जाहिरातीतल्या शिक्क्यावर जाऊ नका. प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, त्यासाठी आधी एबीसी (शैक्षणिक क्रेडिट साठवणारं डिजिटल खातं) आयडी. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर गाडी तिथेच अडते, म्हणून दुरुस्ती आधी उरका. सीएच्या डायरेक्ट एंट्रीला (फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला प्रवेश) वाणिज्य पदवीधरांना किमान ५५ टक्के लागतात, शिवाय अकाउंटिंग, ऑडिट, कायदा अशा विषयांचे पेपर पदवीत हवेत. नुसतं पास होणं पुरत नाही.

उत्तर २: व्हिडिओ बघून अकाउंट्स येत नाही हो. गणितं वहीत सोडवा. नेहमीचा घोळ घसाऱ्याचा (वापरामुळे यंत्राच्या किमतीत धरलेली घट): यंत्र घेतलं त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर आयकरात निम्माच दर, कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकात मात्र प्रत्यक्ष दिवसांप्रमाणे. दोन्ही आकडे वेगळे निघणारच. आणि १४ तारखेला जीएसटीआर-२बी (खरेदीवर मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटचा पोर्टलवरचा तक्ता) आला की खरेदीच्या बिलांशी स्वतः जुळवून बघा. तुमच्या टेबलावरच प्रॅक्टिकल आहे!

उत्तर ३: सत्र परीक्षेला एकूण गुणांत किमान ७० टक्के भारांक असतो, त्यामुळे असाइनमेंटच्या भरवशावर राहू नका. मार्चएंडला रजा मिळत नाही, वेळापत्रक पाहूनच विद्यापीठ निवडा.