आफ्रिकन आणि आफ्रिकेतर साहित्याचा पेपर: तुलनेचं उत्तर सारांश होऊन बसतं, काय करू?

फोंडा_एमए
नमस्कार. पेपरला अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी, सोयिंकाचं ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ आणि हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ ही नाटकं, आणि ‘अबिकू’ याच नावाच्या क्लार्क व सोयिंका यांच्या दोन कविता आहेत. कथानकं तोंडपाठ आहेत. तरी 15 पैकी 6-7च मिळतात, शेरा ‘केवळ सारांश’. महिना हातात आहे.

मांडवीकाठ
कथानक बाजूला ठेवा, रचना बघा. अचेबेची 25 प्रकरणं 13, 6, 6 अशी तीन भागांत आहेत. मिशनरी दुसऱ्या भागात येतात, म्हणजे निम्म्याहून जास्त कादंबरी त्यांच्याशिवाय चालते. मग ‘गोऱ्यांनी सगळं मोडलं’ एवढ्यावर उत्तर संपवून कसं चालेल? जुळी मुलं रानात टाकणं, सातव्या प्रकरणात नायक ओकोन्क्वोच्या घरी वाढलेल्या इकेमेफुना या मुलाचा खून, ओसू म्हणजे बहिष्कृत लोकांना वाळीत ठेवणं, या भेगा आधीच्याच. ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये ख्रिस्ती होतो तो याच भेगांतून. शेवटच्या परिच्छेदात निवेदन जिल्हा आयुक्ताच्या डोक्यात शिरतं आणि ओकोन्क्वोचं अख्खं आयुष्य त्याच्या पुस्तकातला एक परिच्छेद ठरतं. परीक्षक हे शोधत असतो.

आपल्याकडची मुलं इथे हमखास गोव्यातलं 1560चं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांची धर्मचौकशी, आणतात. आणू नका. कादंबरीतले पहिले धर्मांतरित स्वतःहून गेलेले, बरेचसे गावात किंमत नसलेले. मिस्टर ब्राउन आणि रेव्हरंड स्मिथ या दोन मिशनऱ्यांतला फरक मात्र जरूर लिहा.

सत्तरीवाला
नाटकाबद्दल. सोयिंकाची प्रस्तावना नसलेली झेरॉक्स वापरत असाल तर आधी ती मिळवा. ‘संस्कृतींचा संघर्ष’ असं वाचन त्याने तिथेच नाकारलंय. वसाहतवादी घटक त्याच्या मते निमित्तमात्र. म्हणून मुख्य प्रश्न एलेसिनच्या, म्हणजे राजामागोमाग मरायचं असलेल्या घोडेस्वाराच्या, स्वतःच्या कचरण्याचा: पहिल्याच प्रवेशात तो नवरी मागून घेतो. पाच प्रवेश, मध्यंतर नाही. ही सलगता उत्तरात आली पाहिजे. रंगसूचनाही वापरा. दुसऱ्या प्रवेशात इंग्रज अधिकारी पिल्किंग्ज आणि त्याची बायको एगुन्गुनचा, म्हणजे पितरांचा, वेष चढवून टँगो नाचतात. एवढ्या एका दृश्यावर पानभर लिहिता येतं. मूळ घटना नायजेरियातल्या ओयोतली, सोयिंकाच्या प्रस्तावनेनुसार 1946ची. सोयिंकाने ती महायुद्धाच्या काळात नेली.

फोंडा_एमए
देव बरें करूं! पण तीन कृती एका उत्तरात कशा बसवायच्या? मी एकेकीला एक पान देते.

मांडवीकाठ
तिथेच गुण जातात. अक्ष एक घ्या, उदाहरणार्थ बाप आणि मुलगा. ओकोन्क्वोला बाप उनोकाची लाज, म्हणून तो स्वतःच्या हाताने न्वोयेला गमावतो. एलेसिनचा मुलगा ओलुंदे बापाचं राहिलेलं काम स्वतः मरून पुरं करतो. हॅन्सबेरीत बापाच्या विम्याचे 10,000 डॉलर येतात: 3,500 घराला, उरलेले 6,500 मुलगा वॉल्टरच्या हाती, त्यातले 3,000 त्याची बहीण बेनीथाच्या शिक्षणाचे. तो सगळे घालवतो आणि शेवटी मुलासमोर लिंडनरला, म्हणजे त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत येऊ नये म्हणून पैसे देऊ करणाऱ्या माणसाला, नकार देतो. प्रत्येक परिच्छेदात निदान दोन कृती एकमेकींशी भिडवा. 40 मिनिटांतली पहिली 5 फक्त आराखड्याला. अवतरणं चार-सहा शब्दांचीच. लांब ओळी चुकतात आणि वेळ खातात.

आफ्रिका–अमेरिका दुव्याला हॅन्सबेरीच्या नाटकात बेनीथाचा मित्र असागाई आहेच. तो नायजेरियाचा, योरुबा समाजातला. बहुतेक जण त्याला विसरतात.

सत्तरीवाला
कवितांत ‘योरुबा श्रद्धा’ यावर अर्धं पान नासवू नका, दोन ओळी पुरे. बोलतं कोण ते पकडा. क्लार्कच्या कवितेत घरचं माणूस पुन्हा पुन्हा मरून जन्मणाऱ्या मुलाला विनवतं: छप्पर गळतं, तरी थांब. सोयिंकाच्या कवितेत मूलच बोलतं, आणि सुरुवातीलाच तुमची कडी-तोडे व्यर्थ म्हणून झिडकारतं. एकीत थकलेली माया, दुसरीत उर्मट अमरपण. क्रियापदं अधोरेखित करून दोन्ही मोठ्याने वाचा, आवाजातला फरक तिथे कळतो. रूपकांची यादी नंतर.