मदत हवी आहे: भाच्याला जुनं रॉक ऐकवायचंय, नागपुरात टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) कुठे दुरुस्त होईल?

नमस्कार मंडळी, माझा भाचा अकरावीत आहे, गिटार शिकतोय आणि गाणी ऐकतो ती सगळी रीलवरची. त्याला सुट्टीत घरी बसवून जुनं रॉक नीट ऐकवायचंय. लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' १९७१ चं, आठ मिनिटांचं, त्यात ड्रम चार मिनिटं उलटल्यावर येतात, आणि तोवर आपण वाट बघतो ना, तीच तर मजा आहे! आता स्ट्रीमिंगवर ३० सेकंद ऐकलं की प्ले मोजला जातो म्हणून सुरुवातीलाच हूक, म्हणजे डोक्यात बसणारी ओळ, टाकतात, इंट्रो गायब, सोलो गायब. शिवाय नव्वदीनंतर मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाणं बाहेर काढण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवतात तेव्हा, आवाज इतका दाबून सपाट करायला लागले की हळू आणि जोरात यातला फरकच राहत नाही, मला तर हे फार लागतं. आजचं सगळंच वाईट असं नाही हं, बिली आयलिश मलाही आवडते.

तर भाऊ लोकहो, सीताबर्डी, धरमपेठ, इतवारी कुठेही टर्नटेबलचा बेल्ट आणि सुई बदलून देणारा भरवशाचा माणूस आहे का? आणि पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'ची जुनी एलपी (मोठी रेकॉर्ड) घ्यावी की रीमास्टर, म्हणजे आवाजावर नव्याने काम केलेली आवृत्ती, दोन्ही ऐकलेल्यांनी सांगा. क्वीन आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया' यादीत आहेतच, त्यानंतर गिटार शिकणाऱ्या पोराला काय ऐकवाल?