मदत हवी आहे: आग्फा आयसोलेट २ उघडताना पुढची दोन भिंगं एकत्रच निघाली

नमस्कार. मी परळीची. आमच्या घरात आजोबांचा आग्फा आयसोलेट २ आहे, भात्याचा, घडी होणारा कॅमेरा. ८५ मिमीचं अपोटार भिंग, प्रोंटर-एस शटर. १९५५ साली आजोबांनी तो हैदराबादहून आणला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता आणि मोठी खरेदी म्हटली की आपल्याकडची माणसं तिकडेच जात. त्यावर काढलेल्या चौकोनी निगेटिव्ह आजीच्या ट्रंकेत आहेत. एकीत पणजी खळ्यावर ज्वारीच्या राशीपाशी उभी आहे. उजेडाला धरून जाड भिंगातून बघितलं तर तिच्या पाटल्यांवरची नक्षी दिसते. असं टिपणारी काच कपाटात पडून राहावी, हे मला बघवत नाही.

अंतर लावायची रिंग जाम होती. जुन्या आग्फांचं हे ठरलेलं दुखणं आहे, असं वाचून कळलं. कारखान्यात आट्यांना लावलेलं हिरवं ग्रीस वर्षानुवर्षांत वाळून लाखेसारखं घट्ट होतं. आमच्याकडे त्यात थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राच्या, राखेची भर. खिडक्या लावून घेतल्या तरी फळीवर बोट फिरवलं की करडी रेघ उमटते. तीच राख भात्याच्या घड्यांतही साचली होती. ती मऊ ब्रशने काढली.

रविवारी टेबलावर पांढरा पंचा अंथरून बसले. पंच्यावर पडलेला स्क्रू उडत नाही आणि चटकन दिसतो. रिंगच्या कडेला तिळाएवढे तीन स्क्रू आहेत. घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरने ते सैल केले तशी रिंग अलगद वर आली. खाली भिंगाचं पितळी कडं, आणि आट्यांच्या फटीत तो हिरवा थर. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून कडं डावीकडे फिरवलं. फिरलं! मला वाटलं, सुटलं. चार-पाच वेढ्यांनी हातात आलं ते एकटं पुढचं भिंग नव्हतं. मधलं भिंगही त्याला चिकटून शटरमधून निघून आलं होतं. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढलेत, पण पुढचं भिंग मधल्यात किती आत बसलं होतं याची खूण करायची राहून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर विचारायचंय ते असं. ही जोडी एकमेकांपासून सोडवायची कशी? रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली, ढिम्म हलली नाही. पक्कड लावायला हात धजत नाही. आणि सुटली तरी खुणेशिवाय अनंतावरचं, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूंचं, फोकस पुन्हा कसं मिळवायचं? शटर १/३०० सेकंदाला खणखणीत वाजतं, १ सेकंदावर मात्र मध्येच थांबतं. एका दुकानात दाखवला तर “शोभेला ठेवा” म्हणाले. आजी अजून आहे, आणि यंदाच्या ज्वारीत तिला उभी करून फोटो याच भिंगातून काढायचाय.

प्रतिसाद, नांदेडहून:

ताई, घाबरू नका, बिघडलेलं काही नाही. मी असे पाच-सहा आयसोलेट उघडलेत, सगळ्यांत हेच निघालं. रॉकेल राहू द्या, ते ग्रीस त्याला जुमानत नाही. लायटरचं पेट्रोल घ्या, नाहीतर ॲसिटोन. अपोटारमध्ये तीन सुट्या काचा असतात, एकमेकींना चिकटवलेली जोडी नसते, त्यामुळे भिजवल्याने सांधा सुटायचं भ्या नाही. ॲसिटोनने कड्यावरच्या अक्षरांतला रंग जातो, म्हणून अक्षरं वर ठेवून आट्यांपुरतंच बुडवा. दिवसभर भिजवा, काढून पूर्ण वाळू द्या, मगच हेअर ड्रायरने तापवा. ओल्या पेट्रोलपाशी ड्रायर, गॅस, उदबत्ती, काहीही नको, हे डोक्यात पक्कं ठेवा. तापवा, निवू द्या, परत भिजवा. पितळ प्रसरण पावतं, आकसतं, तसं ते वाळलेलं ग्रीस तडकतं. धरताना मधल्या कड्याला चामड्याची पट्टी गुंडाळा, पकडीचे दात पितळेला लागू देऊ नका. पहिल्या दिवशी सुटत नसतं, तुम्ही मन खट्टू करून घेऊ नका.

खुणेचं म्हणाल तर, रिंग कड्याला त्या तीन स्क्रूंनीच धरलेली असते. म्हणजे ती कुठल्याही कोनात बसवता येते, आणि जुनी खूण नसली तरी फोकस नव्याने लावता येतं. आधी मधलं भिंग शटरमध्ये तळापर्यंत घट्ट बसवा. ते जरा जरी वर राहिलं तर पुढचं सगळं माप चुकतं. मग पाठ उघडून, फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते त्यांवर बटर पेपर ताणून चिकटवा. शटर बी वर (त्यात खटका दाबलेला असेतोवर शटर उघडं राहतं) उघडं धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं, ४.५. तुमच्याकडे तर थर्मलची चिमणी आहे, किलोमीटरभर लांबून तीच बघा. पुढचं भिंग हळूहळू फिरवा, कडा धारदार झाली की थांबा. भिंग न हलवता रिंगवरचं अनंताचं चिन्ह खुणेसमोर आणा आणि स्क्रू आवळा. १ सेकंदाचं मागाहून बघू. शटरमध्ये तेल मात्र अजिबात सोडू नका, ते पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकींना चिकटून बसतात.

भर, नऊ दिवसांनी:

सुटलं! सहाव्या खेपेला बारीक ‘कट्’ असा आवाज आला आणि पुढचं भिंग केसभर सरकलं. मग अर्धा तास पुढे-मागे करत बाहेर काढलं. हिरवं ग्रीस मेणाच्या खपल्यांसारखं निघालं. आटे कडुनिंबाच्या काडीने कोरले, धातू लावला नाही. दादा, चामड्याच्या पट्टीने पितळेवर एक ओरखडा उठला नाही.

काल संध्याकाळी गच्चीवर आजीची जुनी चंद्रकळा डोक्यावरून घेऊन बटर पेपरवर बघितलं. चिमणी उलटी लोंबत होती. भिंग थोडं फिरवलं तशी तिची कडा अचानक धारदार झाली, आणि टोकाशी घिरट्या घालणारी घारसुद्धा ठिपक्याएवढी दिसायला लागली. आजीलाही दाखवलं. “उलटं कसं गं?” म्हणाली, आणि बराच वेळ चंद्रकळेखालून बाहेर आली नाही.

आता भात्याचं विचारते. रात्री दिवे मालवून आत मोबाईलचा टॉर्च लावला, तर दोन कोपऱ्यांत सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. भाता नवा करायचा तो करीनच, पण तोवर एक रोल निभावण्यापुरतं त्या घड्यांना काय लावता येईल? काळा कापडी रंग चालेल की घडी मिटताना तो चिकटतो? ज्वारी पोटऱ्यात आलीय, तेवढाच वेळ हातात आहे.