मदत हवी आहे: वायफायच्या सिग्नलवरून उपकरणाची जागा कशी काढावी?

तारायंत्र:
नमस्कार. आमच्या दोन मजली इमारतीत वायफायला जोडलेली बरीच मोजणी उपकरणे चाकांच्या ट्रॉलीवर असतात. ज्याला लागेल तो ती ओढून नेतो आणि पुढच्या माणसाला ती शोधत फिरावे लागते. प्रत्येक उपकरणाच्या सिग्नलची तीव्रता आम्हाला मिळते, म्हणून तिच्यावरून अंतर काढून नकाशावर ठिपका दाखवायचे ठरवले. नेहमीच्या लॉगॅरिदमच्या सूत्राने अंतर काढले आणि तीन ॲक्सेस पॉइंटभोवती (वायफायचा सिग्नल देणारी, जागी बसवलेली यंत्रे) वर्तुळे काढली. पण ती एक तर एकमेकांना शिवतच नाहीत, नाहीतर इमारतीच्या बाहेर छेदतात. उपकरण जागचे हललेले नसतानाही ठिपका एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातो. सूत्रामागचा सिद्धांत मी वाचलेला आहे, तो कृपया पुन्हा सांगू नये. सूत्रात काय बदलावे किंवा कोणता फिल्टर लावावा, एवढेच हवे आहे. काम लवकर पूर्ण करून द्यायचे आहे.

जुनाजाणता:
कालमन फिल्टर (आधीचे आकडे आणि नवे मोजमाप जमेस धरून चढउतार गुळगुळीत करणारी गणिती पद्धत) लावा. मी असे काम केले आहे आणि त्याने आकडे निश्चितपणे स्थिर होतात. फिल्टरची मापे ठरवताना मोजमापातील गोंधळ जास्त आणि उपकरणाची हालचाल कमी धरा, म्हणजे ठिपका सावकाश सरकेल आणि पाहणाऱ्यालाही तो विश्वासार्ह वाटेल.

मोजमाप:
उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. तीव्रता कोण मोजते, उपकरण की ॲक्सेस पॉइंट? ॲक्सेस पॉइंट एकूण किती आहेत आणि ते कोणत्या बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यावर) चालतात? सूत्रातील घातांक (अंतराबरोबर सिग्नल किती झपाट्याने घटतो ते सांगणारा आकडा) तुम्ही कोठून घेतला? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुम्हाला जागा मीटरमध्ये हवी आहे की उपकरण कोणत्या खोलीत आहे एवढे कळले तरी पुरेसे आहे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

शंकेखोर:
जुनाजाणता यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. फिल्टर यादृच्छिक चढउतार कमी करतो. पण मध्ये काँक्रीटची भिंत असल्यामुळे सिग्नल कायमच 10 डेसिबलने कमी येत असेल, तर फिल्टर त्या चुकीच्याच आकड्यावर शांतपणे स्थिरावेल. ठिपका हलायचा थांबेल, पण चुकीच्या खोलीत थांबेल. घातांक 3 धरला, तर केवळ 6 डेसिबलच्या फरकाने 10 मीटरचे अंतर एका बाजूला साधारण 6 मीटर आणि दुसऱ्या बाजूला साधारण 16 मीटर दिसते. इमारतीच्या आत 6 डेसिबलचा फरक पडायला एक माणूस मध्ये उभा राहणे किंवा दार लागणे एवढेही पुरते.

जुनाजाणता:
कायमची तूट असेल तर ती प्रत्येक भिंतीसाठी सूत्रात वेगळी धरता येते. भिंती मोजा, प्रत्येकीसाठी काही डेसिबल वजा करा आणि मग फिल्टर लावा. माझ्या अनुभवात याने काम झाले आहे.

शंकेखोर:
कोणती भिंत मध्ये येते हे ठरवायला उपकरण कुठे आहे हे आधी माहीत असावे लागते, आणि तेच तर शोधायचे आहे. प्रत्येक संभाव्य जागा घेऊन तिथून किती तीव्रता अपेक्षित आहे याचा हिशेब मांडता येतो हे मला मान्य आहे. परंतु तेवढे कष्ट घ्यायचेच असतील तर प्रत्यक्ष मोजून नकाशा करणे अधिक सोपे आणि अधिक खरे ठरते.

निळीलहर:
तीव्रतेचा नाद सोडा. सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजण्याची सोय वायफायच्या 2016 च्या मानकात आली आणि अँड्रॉइडने 2018 साली नवव्या आवृत्तीत ती ॲपना उपलब्ध करून दिली. अनुकूल परिस्थितीत तिने एकदोन मीटरपर्यंत अचूकता मिळते. भिंतीमुळे तीव्रता जितकी बदलते त्या मानाने प्रवासाचा वेळ फारसा बदलत नाही, म्हणून ही पद्धत मुळातच अधिक भक्कम आहे.

मोजमाप:
ही पद्धत चांगली आहे यात वाद नाही, मात्र तिच्यासाठी ॲक्सेस पॉइंट आणि उपकरण या दोन्हींच्या चिपमध्ये ती सोय असावी लागते. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो, त्यामुळे हे काम केवळ सॉफ्टवेअर बदलून भागत नाही. धागाकर्त्यांची उपकरणे कोणती आहेत हे कळल्याशिवाय हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा आहे की नाही हे सांगता येणार नाही.

दिशादर्शक:
हरवलेले उपकरण शोधायचे असेल तर एका दिशेने ऐकणारा अँटेना लॅपटॉपला जोडावा आणि त्या उपकरणाच्या मॅक पत्त्याकडून (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) येणाऱ्या पॅकेटची तीव्रता पाहत चालत जावे. अँटेना सावकाश गोल फिरवल्यावर ज्या बाजूला आकडा सर्वांत मोठा येतो ती दिशा धरावी, काही पावले जाऊन पुन्हा फिरवावे. परावर्तनामुळे एखाद्या ठिकाणी चुकीची दिशा दिसू शकते, म्हणून एकाच जागेवरच्या मापावर विसंबू नये. अगदी जवळ गेल्यावर अँटेना काढून टाकला तरी चालतो. मग आपल्या शरीरानेच एक बाजू झाकून फरक पाहावा.

तारायंत्र:
दिशादर्शक, आभारी आहे, पण हातात यंत्र घेऊन चालायचे नाही, पडद्यावर आपोआप दिसायला हवे. मोजमाप यांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. खोली कळली तरी पुरेसे आहे. दोन मजल्यांवर मिळून सहा ॲक्सेस पॉइंट आहेत. तीव्रता ॲक्सेस पॉइंट मोजतात आणि त्यांच्या नियंत्रक प्रणालीतून मी ती घेतो. बँड 2.4 गिगाहर्ट्झ आहे, कारण उपकरणांमधल्या लिनक्स बोर्डांना दुसरा चालत नाही. घातांक 2 आहे. उपकरण टेबलावर असताना आणि कोणी हात लावलेला नसताना घेतलेल्या ओळी खाली देतो (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार).

पहिला ॲक्सेस पॉइंट: उणे 54, उणे 55, उणे 54, उणे 61, उणे 55.
दुसरा: उणे 70, उणे 70, उणे 70, उणे 70, उणे 82.
तिसरा: उणे 66, उणे 66, उणे 66, उणे 66, उणे 66.

पहिला सोडला तर बाकीचे बऱ्यापैकी स्थिर दिसतात आणि तरीही जागा चुकते, हेच मला उमगत नाही.

मोजमाप:
या ओळींमुळे बराच उलगडा झाला. पहिल्या ॲक्सेस पॉइंटचे आकडे थोडेथोडे हलत आहेत, ते अगदी स्वाभाविक आहे. दुसऱ्याचा आकडा मात्र चार वेळा तसाच राहून एकदम उडी घेतो आणि तिसऱ्याचा अजिबात हलत नाही, आणि सजीव वायफाय सिग्नल असा वागत नाही. तुमचे उपकरण पहिल्या ॲक्सेस पॉइंटला जोडलेले आहे आणि त्याची सारी पॅकेट त्याच चॅनेलवर (बँडमधल्या एका लहान पट्ट्यावर) जात आहेत. शेजारचे ॲक्सेस पॉइंट बहुधा दुसऱ्या चॅनेलवर असणार, त्यामुळे त्यांना ती पॅकेट ऐकूच येत नाहीत. उपकरण आसपास कोणते नेटवर्क आहे हे शोधण्यासाठी जेव्हा सर्व चॅनेलवर विचारणा करते, तेव्हाच बाकीच्यांना ते ऐकू येते. एकदा चांगले जोडले गेलेले उपकरण अशी विचारणा क्वचितच करते, आणि तोवर प्रणाली शेवटचा ऐकलेला आकडाच दाखवत राहते. म्हणजे तुमची तीन वर्तुळे तीन वेगवेगळ्या वेळची असण्याची दाट शक्यता आहे. त्यातले एखादे तर ट्रॉली दुसऱ्या खोलीत होती तेव्हाचेही असेल. अशा आकड्यांवर कोणतेही सूत्र किंवा फिल्टर चालणार नाही. प्रत्येक आकडा नेमका कधी मोजला गेला ती वेळ प्रणालीतून मिळते का, हे कृपया पाहा.

पडदानशीन:
एक शंका विचारतो. इमारतीचे वायफाय चालवणाऱ्याला माझा फोनही असाच खोलीगणिक शोधता येतो का? आता फोन खोटा मॅक पत्ता वापरतात असे ऐकले आहे.

शंकेखोर:
नेटवर्कला न जोडता केवळ शोध घेताना फोन बदलता पत्ता वापरतो, त्यामुळे त्याचा माग काढणे अवघड जाते. जोडल्यानंतर मात्र अँड्रॉइड 10 पासून आणि आयओएस 14 पासून साधारणपणे प्रत्येक नेटवर्कसाठी एक वेगळा पत्ता तयार होतो आणि त्या नेटवर्कपुरता तो सहसा तोच राहतो. म्हणून त्या इमारतीपुरता माग काढता येतो. याहून अधिक चर्चा करायची असल्यास कृपया वेगळा धागा काढावा, येथे मूळ प्रश्न बाजूला पडेल.

तारायंत्र:
वेळ मिळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ॲक्सेस पॉइंटचे आकडे खरोखरच बरेच जुने निघाले. मग आता ताजे आकडे आणायचे कुठून? ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर ठेवू का?

निळीलहर:
तसे करू नका. सर्व एकाच चॅनेलवर आले की प्रत्येकाला दुसऱ्याचे बोलणे संपण्याची वाट पाहावी लागते आणि साऱ्या नेटवर्कचा वेग उतरतो. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे 1, 6 आणि 11 हे तीन चॅनेल त्यासाठीच वापरले जातात.

मोजमाप:
निळीलहर यांचे म्हणणे बरोबर आहे. तुमच्या उपकरणांत लिनक्स बोर्ड आहेत आणि त्यांवरचे सॉफ्टवेअर तुमच्या हाती असेल, तर दिशा उलटी करा. ॲक्सेस पॉइंटने उपकरणाला ऐकण्याऐवजी उपकरणाने सर्व ॲक्सेस पॉइंटना ऐकावे. ते प्रत्येक सेकंदाला साधारण दहा वेळा आपली ओळख सांगणारा बीकन पाठवतच असतात. उपकरणाने ठरावीक काळाने स्कॅन करून कोणता ॲक्सेस पॉइंट किती तीव्रतेने ऐकू आला याची यादी पाठवली, की सहाही आकडे एकाच वेळचे मिळतात. स्कॅनच्या काळात उपकरण क्षणभर आपले चॅनेल सोडते, म्हणून मोजणी चालू असताना स्कॅन टाळावे.

जुनाजाणता:
अँड्रॉइडवर हे जमत नाही, कारण नवव्या आवृत्तीपासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात.

तारायंत्र:
आमच्याकडे अँड्रॉइड नाही, साधे लिनक्स आहे, त्यामुळे ती अडचण येणार नाही. स्कॅनची सोय करता येईल. पण यादी मिळाल्यावर पुन्हा वर्तुळेच काढायची का?

मोजमाप:
नाही, वर्तुळे पूर्णपणे सोडून द्या. खोली ओळखायला अंतराची गरजच नाही. प्रत्येक खोलीत सहा ॲक्सेस पॉइंटच्या तीव्रतांचा जो संच मिळतो तोच त्या खोलीचा ठसा आहे. ट्रॉली प्रत्येक खोलीत जिथे जिथे ठेवली जाते अशा काही जागांवर ती ठेवून, दिशा बदलून, दार उघडे आणि बंद ठेवून मापे घ्या आणि खोलीच्या नावासह साठवा. नंतर नवी यादी आली की तिच्याशी सर्वांत जुळणाऱ्या काही साठवलेल्या याद्या शोधा आणि त्यांतल्या बहुतेक ज्या खोलीच्या असतील ती खोली दाखवा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील बाहल आणि पद्मनाभन यांनी 2000 साली रडार या नावाने हीच कल्पना मांडली होती. त्यांनी एका मजल्यावर तीनच बेस स्टेशन वापरली आणि त्यांची मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) चूक दोन ते तीन मीटर आली. माणूस कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे याने तीव्रता बदलते हेही त्यांनी नोंदवले होते.

जागांची निवड घाईने करू नका. 2.4 गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आहे आणि परावर्तित लहरी एकमेकींत मिसळत असल्याने ट्रॉली काही सेंटिमीटर सरकली तरी एखादा आकडा 10 डेसिबलने पडू शकतो. म्हणून एका बिंदूवर बराच वेळ मोजण्यापेक्षा थोडे थोडे सरकवत मोजलेले अधिक उपयोगी पडते. लागोपाठच्या स्कॅनची सरासरी घेण्याऐवजी मध्यक घ्या, म्हणजे एखादा भलताच आकडा निकाल बिघडवणार नाही. आणि जो ॲक्सेस पॉइंट ऐकूच आला नाही त्याची जागा रिकामी सोडू नका, तिथे उणे 95 यासारखा आकडा धरा, कारण ऐकू न येणे हीसुद्धा जागेबद्दलची महत्त्वाची माहिती आहे.

शंकेखोर:
या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. बहुतेक नियंत्रक प्रणाली ॲक्सेस पॉइंटची प्रसारणशक्ती आपोआप कमीजास्त करतात, आणि तसे झाले की सारे ठसे एका रात्रीत जुने होतात.

जुनाजाणता:
त्यावर उपाय म्हणजे दोन ॲक्सेस पॉइंटमधला फरक वापरावा, नुसते आकडे वापरू नयेत.

शंकेखोर:
फरक घेतल्याने उपकरणाच्या अँटेनातला फरक निघून जातो, कारण तो सर्व आकड्यांत सारखाच असतो. एखाद्याच ॲक्सेस पॉइंटची शक्ती बदलली असेल तर तो बदल फरकातही तसाच राहतो. तुमची उपकरणे वेगवेगळ्या बनावटीची असतील तर फरक अवश्य वापरा, पण शक्ती मात्र हाताने ठरवून कायम ठेवा.

तारायंत्र:
शक्ती कायम केली, एका उपकरणावर स्कॅन सुरू केले आणि खोल्यांचे ठसे घेतले. स्थिर असलेल्या ट्रॉलीची जागा आता उड्या मारत नाही आणि बहुतेक खोल्या बरोबर ओळखल्या जातात. एकच अडचण उरली आहे: पूर्वेकडची खालची खोली आणि तिच्या बरोबर वरची खोली यांत वारंवार गफलत होते. दोन्ही मजल्यांवरचे ॲक्सेस पॉइंट एकावर एक असे बसवलेले आहेत. ते हलवायला परवानगी मिळणार नाही.

मोजमाप:
एकावर एक बसवल्यामुळेच त्या दोन खोल्यांचे ठसे सारखे येत आहेत; बाजूच्या ॲक्सेस पॉइंटपासूनची अंतरे दोन्ही मजल्यांवर जवळपास तेवढीच आहेत. ते हलवता येत नसतील तर खालच्या खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात, स्लॅबपासून शक्य तितके खाली, एक लहानसे वायफाय बोर्ड कमी शक्तीवर चालू ठेवा. वरच्या खोलीत ते एक तर ऐकू येणार नाही किंवा फार क्षीण ऐकू येईल, आणि तेवढ्यावर दोन्ही मजले वेगळे पडतील.

तारायंत्र:
ते आमच्या नेटवर्कला जोडावे लागेल का? त्यासाठी वेगळी मंजुरी लागते.

मोजमाप:
जोडण्याची गरज नाही. त्याने फक्त स्वतःच्या नावाचा बीकन पाठवत राहायचे आहे, त्यामुळे त्याला वीजपुरवठा मिळाला की पुरे. मात्र ते हवेत प्रसारण करणारच, म्हणून नेटवर्क सांभाळणाऱ्यांना आधी कळवा, नाहीतर त्यांची प्रणाली ते अनोळखी ॲक्सेस पॉइंट म्हणून नोंदवेल. चॅनेल शेजारच्या ॲक्सेस पॉइंटचाच ठेवा. ते लावून झाल्यावर त्या दोन खोल्यांचे ठसे पुन्हा घ्या. बाकीच्या खोल्यांमध्ये नव्या बोर्डाचा आकडा ऐकू येतो का हे एकदा तपासा, आणि येत नसेल तर त्यांच्या साठवलेल्या यादीत त्याच्यासाठी उणे 95 भरा.