बाराबंदीतले 'बारा' कोण?

मंडळी, शब्द साधाच आहे, पण माझ्या दोन रात्री आणि बरंचसं कापड त्यात गेलंय, म्हणून विचारतो. बाराबंदी, म्हणजे बटणांऐवजी कापडी बंदांनी बांधायचा जुना आखूड सदरा, त्यातले 'बारा' नेमके कसले?

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. मर्दानी खेळ शिकतो. प्रात्यक्षिकाला आजवर भाड्याचा पोशाख असायचा. वरून दिखाऊ बंद आणि आत टिचबटणं. दांडपट्टा फिरवायला हात वर गेला की ती टकाटक उघडायची, समोर बसलेली पोरं हसायची. या खेपेला म्हटलं, जुन्या बेतणीची बाराबंदी आपणच शिवू. बारा बंद म्हणजे बारा गाठी, असं धरून चोवीस पट्ट्या केल्या. बोटभर रुंदीची नळी शिवायची आणि मग ती सुलटी करायची, हे काम जीव काढतं. सुई नाक्याकडून आत घालायची, दोरा ओढत ओढत वीतभर कापड त्या नळीतून बाहेर आणायचं. एकदा दोरा तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून बंद लावायला बसलो तर पुढ्यावर जागाच उरेना. आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांना नेऊन दाखवलं. ते चष्मा वर सारून म्हणाले, "बाळा, हे अंगात घालायचं हाय का दाराला तोरण बांधायचं हाय?" त्यांच्या मते गाठी सहाच. मग बारा आले कुठून? की 'बारा गावचं पाणी', 'बारा भानगडी' यांतल्यासारखा हाही नुसता 'पुष्कळ'वाला बारा?

◆

'पुष्कळ'वाला बारा मराठीत आहेच, पण कपड्याच्या नावात लोक मोजून बोलतात. नऊवारी म्हटलं की नऊच वार, तिथे 'बरेच वार' असं कुणी समजत नाही. बाराबंदीतले बाराही खरेच. तुमचा घोळ झाला तो 'बंद' या शब्दात. बंद म्हणजे गाठ नव्हे, बांधायची पट्टी. एका गाठीला दोन बंद लागतात, म्हणजे बारा बंदांच्या सहा गाठी. मास्तर बरोबर आहेत. तुम्ही शिवलीत ती चोवीसबंदी!

आज 'बंद' म्हटलं की दुकानं आणि एसटी आठवते. पण पट्टीचा अर्थ कमरबंद, इजारबंद, बाजूबंद यांत शाबूत आहे. जुन्या दफ्तरात तर कागदाच्या तुकड्यालाही बंदच म्हणायचे.

आणि हा शब्द कोशात निजलेला नाही. संक्रांतीला सोलापूरला या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर (उंच, सजवलेल्या काठ्यांबरोबर) चालणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात. आमच्याकडे ती शिवून घ्यायला गेलं तर 'म्हणजे काय?' असं विचारणारा शिंपी मिळणार नाही.

◆

सोलापूरकर, पटलं. मास्तरांनी ट्रंकेतून त्यांच्या वडिलांच्या हातची एक बाराबंदी काढून दाखवली. दोन जोड आत होते. डावा-उजवा पुढा एकमेकांवर येतो, त्यातला खालचा आतल्या आत बांधायचा. म्हणून बाहेरून गाठी चारच दिसतात. फोटो बघून शिवायला बसलं की फसायला होतं ते यामुळेच.

दुसरा शब्द तिथेच सापडला. माझी पहिली बाराबंदी सरावातच काखेत टरकन फाटली होती. मी शर्टासारखा गोल मुंढा (बाही जोडायची जागा) कापून बाही बसवली होती. मास्तरांची रीत निराळी. अंग सरळ, बाही सरळ आणि काखेत तिरका बसवलेला चौकोनी तुकडा. हात खाली असला की तो घडीत मिटतो, वर गेला की उघडतो आणि कापडाला ताण बसत नाही. त्याला ते 'बगल' म्हणतात. फाटलेली शिवण बघून म्हणाले, "बगल दिली न्हाईस, म्हणून फाटलं." मी आजवर बगल देणं म्हणजे टाळणं एवढंच समजत होतो.

आता अंगरखा आणि डगला यांचंही सांगा कुणीतरी. आमच्या ग्रुपवर सगळ्यालाच 'मावळा ड्रेस' म्हणतात.

◆

'मावळा ड्रेस'ला माझा हात जोडून नमस्कार. बाराबंदी आखूड, कमरेच्या थोडी खाली येणारी, कष्टाच्या माणसाचा कपडा. अंगरखा लांब. त्याला कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तिकोनी तुकडे, जोडून घेर देतात आणि नावातच 'अंग राखणारा' आहे. जामा दरबारी, त्याचा घेर अंगरख्याहूनही मोठा. डगला म्हणजे अंगावर सैल पडणारा लांब कोट. पारशांची लग्नाकार्यातली पांढरी डगली त्याच घरातली, आणि गंमत म्हणजे ती अजून बंदांनीच बांधतात.

पोशाख जामा-अंगरख्याचा असेल तर बाजू मात्र सांभाळा. मुघलकालीन चित्रांत जाम्याची गाठ हिंदूंच्या डाव्या काखेखाली आणि मुसलमानांच्या उजव्या काखेखाली दिसते. चित्र बघून माणूस ओळखायची ती खूण आहे. नाटकातले सरदार कशीही गाठ मारतात आणि कुणाला खटकत नाही, मला खटकतं. मोबाइलवरचा फोटो आरशासारखा उलटा झालेला नाही ना, हे आधी तपासा.

◆

शिवणाचे वर्ग घेते, म्हणून दोन टाके माझेही. बंदांच्या कपड्याला काज लागत नाही, हे आज लक्षात आलं आणि हसू आलं, कारण 'काज' आपला नव्हेच. पोर्तुगीज 'काझा' म्हणजे घर, तेच बटणाचं घर. इस्त्रीही त्याच गलबतातून आली. 'अस्तर' फारसी, 'कैची' तुर्की. आपल्या शिवणाच्या डब्यात सुई आणि दोरा तेवढे घरचे! पण म्हणून 'शिवकाळात बटणच नव्हतं' असं ठोकून देऊ नका. कापडाची गोल गुंडी आणि दोऱ्याचा फासा ही जोडी आपल्याकडे जुनीच.

आणि कापड? पॉलिस्टर घेतलं असेल तर चोवीस काय, अठ्ठेचाळीस बंद लावा, उपयोग नाही.

◆

नाही हो ताई, इचलकरंजीचा मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, घेतलाय. (याच्यात मांजर नाही, जुनं रूप 'मादरपाट' असंही मिळतं.) इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि कोल्हापूरची शाहू मिल १९०६ची, म्हणजे माझं कापड शिवकालीन नाही हे कबूल. हातमागाचं परवडेना. बेतायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवलं. मीटरमागं चार बोटं आटलं. भिजवलं नसतं तर बंद बांधायला दुसरा माणूस लागला असता.

काल बगल घालून, टीप हातानंच मारून बाराबंदी पुरी केली. मास्तरांनी अंगावर चढवून सहा गाठी स्वतः मारल्या, हात वर करायला लावला, काखेत बोट घालून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पट्टा आण."

उरलेल्या बारा बंदांतले दोन म्यानाला लावले. बाकीचे आईनं जोंधळ्याच्या पिशव्यांची तोंडं बांधायला नेले.